सब्रिना 2 या नाइकीच्या बास्केटबॉल बुटाचा रिव्ह्यू, रविवारच्या सिमेंट कोर्टवरून

आधीच सांगून टाकते, मी काही शूजमधली एक्सपर्ट वगैरे नाही, ते यूट्यूबवर बूट मधोमध कापून आतला फोम दाखवतात तशातली तर अजिबात नाही. वय 39, कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीपर्यंत गार्ड खेळलेय, मग नोकरी, लग्न, पोरगी, आणि आता चार वर्षं झाली दर रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यात आमच्या ग्रुपबरोबर दीड तास खेळते. कोर्ट सिमेंटचं. डावा घोटा एकदा चांगलाच मुरगळलेला आहे आणि पाऊस यायच्या आदल्या दिवशी तो कळवतो. हे सगळं सांगायचं कारण की रिव्ह्यू अशाच पायाचा आहे, वीस वर्षांच्या पोराच्या पायाचा नाही.

दुकानातला किस्सा सांगते आधी. बास्केटबॉलचे शूज दाखवा म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा लगेच, "मॅडम, मुलासाठी का?" म्हटलं नाही, माझ्यासाठी. तर मला सरळ गुलाबी रनिंगच्या शूजपाशी नेऊन उभं केलं, म्हणे लेडीजमध्ये हेच चालतात. मी म्हटलं बाबा सब्रिना 2 आहेत का, तर म्हणाला, "ते जेन्ट्सच्या रॅकवर आहेत ना." बाईचं नाव लिहिलेला बूट आणि तो जेन्ट्सच्या रॅकवर, आणि बाईला मात्र गुलाबी! अर्थात चूक त्याची पण नाही म्हणा, हा बूट खरंच दोघांसाठी काढलाय, बायकांच्या आणि पुरुषांच्या दोन्ही साइजमध्ये येतो, आणि एनबीएमधले (अमेरिकेतली पुरुषांची प्रो लीग) बरेच पुरुष खेळाडू हे घालून मॅच खेळलेत. पण सब्रिना कोण हे त्याला माहीत नव्हतं, आणि आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पण नव्हतं, त्यामुळे बुटाच्या रिव्ह्यूत तिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, ज्यांना फक्त साइजचं बघायचंय त्यांनी खाली जा.

तर सब्रिना आयोनेस्कू, अमेरिकेची बास्केटबॉलपटू, तिच्याच नावाचा हा बूट. कॅलिफोर्नियाची, आईवडील रोमानियाहून आलेले, एक जुळा भाऊ. कॉलेज ओरेगन. बास्केटबॉलमध्ये पॉइंट, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि असिस्ट (ज्या पासवर बास्केट होतो तो) तिन्ही एका मॅचमध्ये दहा किंवा त्याच्या वर नेले की ट्रिपल-डबल म्हणतात, आयुष्यात एकदा झालं तरी माणूस सगळ्यांना सांगत सुटतो (माझं एकदाही नाही झालं). हिने कॉलेजात 26 केले. कॉलेजच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये 2000 पॉइंट, 1000 रिबाउंड आणि 1000 असिस्ट करणारी ती पहिली, आणि यात मुलगे पण धरले. यातला हजारावा रिबाउंड कधी घेतला बघा. 24 फेब्रुवारी 2020 ला सकाळी लॉस एंजेलिसला कोबी ब्रायंट आणि त्याच्या मुलीची श्रद्धांजली सभा होती, कोबी म्हणजे एनबीएचा मोठा खेळाडू, तिला मार्गदर्शन करायचा, तिथे ही हजारो लोकांसमोर बोलली, तिथून विमानाने निघाली आणि त्याच संध्याकाळी स्टॅनफर्डविरुद्ध खेळली. ट्रिपल-डबल पण केला. मी वडील गेल्यावर पंधरा दिवस ऑफिसला धड एक मेल लिहू शकले नव्हते.

खरं तर 2019 लाच ती प्रो होऊ शकत होती, पण कॉलेजचं टायटल जिंकायचंच म्हणून एक वर्ष थांबली, आणि नेमकी 2020 ची स्पर्धा कोविडमुळे रद्द. मग डब्ल्यूएनबीए या बायकांच्या प्रो लीगमधल्या न्यूयॉर्क लिबर्टी टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरला उचललं, दुसऱ्याच मॅचला 33 पॉइंट, सगळीकडे हवा, आणि तिसऱ्या मॅचला डावा घोटा गेला. सीझन तिथेच संपला. डावा घोटा! इथे माझं आणि तिचं नातं जुळलं असं मी मानते, ती मानो न मानो.

म्हणूनच मला लो-कट बुटाची धाकधूक होती. आमच्या वेळी समज असा की घोट्यापर्यंत उंच बूट घातला की घोटा वाचतो. सब्रिना 2 तर पूर्ण लो आहे, घोटा उघडाच. पण तीन महिन्यांत एकदाही पाय वाकडा पडला नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण सोल. तळ रुंद आणि सपाट आहे, बाहेरच्या कडेला पाय कलंडत नाही. टाच आत घट्ट बसते, हे महत्त्वाचं, टाच सरकली की गेलंच. तरी मी ब्रेस लावूनच खेळते, बूट म्हणजे काही फिजिओ नाही.

चवड्याखाली झूम एअरची छोटी पिशवी आहे आणि पूर्ण तळाला कुशलॉन नावाचा फोम. पहिल्या दिवशी घरात घालून चालले तर म्हटलं हे काय, काहीच मऊ नाही, पैसे पाण्यात. कोर्टवर गेल्यावर कळलं की हे चालण्यासाठी नाहीच, हे थांबण्यासाठी आहे. म्हणजे ड्रिबल करत पळत आलात, डिफेंडर मागे सरकला, तुम्ही कचकन ब्रेक मारला आणि तिथूनच शॉट, त्या वेळी चवड्याखाली जे काही उसळतं ना ते तेव्हाच जाणवतं. तिचा खेळच हा. उंची 5 फूट 11, त्या लीगमध्ये म्हणजे काही फार नाही, त्यामुळे रिंगखाली घुसाघुशी करण्यापेक्षा थांबून लांबून मारायचं.

आणि लांबून म्हणजे किती लांबून! 2023 च्या ऑल-स्टारच्या थ्री-पॉइंट स्पर्धेत (लांबच्या लाइनीबाहेरून मारायचं, काही बॉलना जास्त पॉइंट) तिने फायनल राउंडला 40 पैकी 37 पॉइंट केले, 27 शॉटमधले फक्त 2 चुकले. पुरुषांच्या एनबीएमध्ये तोवरचा रेकॉर्ड 31 होता. त्यावरून मग फेब्रुवारी 2024 ला तिची आणि एनबीएतल्या थ्रीचा बादशहा स्टीफ करीची समोरासमोर स्पर्धा लावली. बॉल तिचा बायकांचा, म्हणजे थोडा लहान, पण लाइन तिने एनबीएची घेतली, स्वतःची जवळची नाही. करी 29, ही 26. हरली म्हणून लोक हसले, पण त्याच रात्री पुरुषांची स्पर्धा डेमियन लिलार्डने जिंकली ती फायनलला 26 करूनच, हे कोणी बोलत नाही.

2022 मध्ये लास वेगासविरुद्ध 31 पॉइंटचा ट्रिपल-डबल, 30 च्या वर पॉइंट घेऊन ट्रिपल-डबल हा त्या लीगमध्ये पहिलाच. 2024 ला पॅरिसला ऑलिंपिक गोल्ड, फायनल फ्रान्सविरुद्ध 67-66, एका पॉइंटने. पण माझ्यासाठी तिची खरी कमाई त्याच वर्षीची लीगची फायनल आहे, पाच मॅचची. लिबर्टी ही टीम 1997 पासूनची, एकदाही टायटल नाही. मिनेसोटाविरुद्ध तिसऱ्या मॅचला टीम 15 ने मागे होती, वर आली, आणि शेवटी स्कोअर बरोबरीत असताना हिने 28 फुटांवरून थ्री मारला, एक सेकंद शिल्लक, 80-77. मी तो क्लिप किती वेळा बघितला सांगत नाही.

आणि मग पाचवी मॅच, जो जिंकेल त्याचं टायटल. आपल्याकडे सोमवारची पहाट, मी किचनमध्ये फोन मिक्सरला टेकवून बघतेय, पोरगी शाळेसाठी उठून शेजारी येऊन बसली. सब्रिनाचा एक शॉट गेला, दुसरा गेला, काही पडेचना. शेवटी आकडा काय, 19 शॉट, आत गेला 1. पोरगी म्हणाली, "आई, तुझी प्लेयर तर फेल गेली." पण मॅच ओव्हरटाइमला गेली आणि लिबर्टीने 67-62 जिंकली. तिच्याच टीमची जोनक्वेल जोन्स फायनलची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू ठरली, बरोबरच होतं. आणि सब्रिना? पास देत राहिली, रिबाउंडला जात राहिली, आणि मोकळी सापडली की पुन्हा मारत राहिली. एवढे चुकत असताना पुढचा मारायला काय लागतं ते आमच्या ग्रुपमधल्या दोन चुकले की तोंड पाडून बाजूला बसणाऱ्यांना विचारा (त्यात मी पण आले). पोरीला एवढंच म्हटलं, डबा घे, उशीर होतोय.

एक गोष्ट अजून, बाईच्या नावाचा बूट हे काही आजचं नाही. पहिला 1995 चा, शेरिल स्वूप्सचा. मग काही निघाले आणि मधली बरीच वर्षं कोणाच्याच नावाचा नाही, 2022 पासून पुन्हा सुरू झाले, सब्रिना 1 आला 2023 ला. आणि आपल्याकडे? आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन होती, आमच्या सोसायटीत दहा जणांना विचारा कोण ते, दहाही जण क्रिकेटचं काहीतरी सांगतील. असो.

आता कामाचं. माझा पाय पुढून पसरट आहे, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा साइज मोठा घेतला, पहिले दोन रविवार करंगळी दुखली, नंतर कापड सैल झालं. पाय निमुळता असेल तर नेहमीचाच घ्या. ग्रिप आत लाकडी कोर्टवर एकदम कडक, सिमेंटवर सकाळची धूळ असली की दर दोन-चार मिनिटांनी तळ पुसावा लागतो. तीन महिन्यांत चवड्याखालचं डिझाइन थोडं घासलंय, पण सिमेंटवर कुठलाही इनडोअरचा बूट घासतोच, तो दोष आमच्या कोर्टाचा. रोज बाहेर खेळणाऱ्याने विचार करून घ्यावा. अमेरिकेत 130 डॉलरला निघाला होता, आपल्याकडे पूर्ण किमतीला घेऊ नका, 2025 ला सब्रिना 3 आलाय त्यामुळे हा सेलमध्ये सापडतो, मी तसाच घेतला.

5 पैकी 4. एक कापला तो रंगासाठी, माझ्या साइजमध्ये पांढरटच शिल्लक होता आणि पुण्यात जूनमध्ये पांढरा बूट म्हणजे काय ते सांगायला नको. मशीनला लावू नका, जुना टूथब्रश आणि भांड्याचं लिक्विड घ्या, आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.