जुन्या डिझेल गाडीचा क्लच आणि फ्लायव्हील: व्हेंटो 1.6 टीडीआयच्या निमित्ताने एक परीक्षण

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या डिझेल गाडीचा क्लच बदलायचा म्हटले की गॅरेजमधून दोन आकडे सांगितले जातात: एक क्लचचा आणि दुसरा, त्याहून मोठा, फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधल्या जड चकतीचा. आमच्या 2011 सालच्या फोक्सवॅगन व्हेंटोबाबतही तसेच झाले. कात्रजचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढत, वेग मात्र वाढत नसे. शिवाय इंजिन बंद करताना खालून जड खडखडाट ऐकू येई. यातले पहिले लक्षण क्लचप्लेट घसरत असल्याचे आणि दुसरे ड्युअल मास फ्लायव्हील थकल्याचे. सर्व पर्याय तपासून शेवटी लुक कंपनीचा ‘रेपसेट डीएमएफ’ हा संच बसवला. त्यात फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि बोल्ट असे सर्व काही एकत्र मिळते.

हे फ्लायव्हील महाग का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आयडलिंगला मिनिटाला सुमारे 800 फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सत्तावीसच्या आसपास ज्वलनाचे धक्के बसतात आणि डिझेलमध्ये ते चांगलेच जोरकस असतात. साधे फ्लायव्हील म्हणजे लोखंडाची एकच जड चकती असते. ड्युअल मास प्रकारात मात्र दोन चकत्या असून त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब कमानदार स्प्रिंगा असतात, ज्या हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचण्याआधीच गिळतात. लुकने अशा फ्लायव्हीलचे घाऊक उत्पादन 1985 मध्ये सुरू केले. व्हेंटोचे हे इंजिन 250 न्यूटन मीटरचा पूर्ण जोर 1500 फेऱ्यांनाच देते. त्यामुळे शहरात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटण्याचा मोह होतो, आणि स्प्रिंगांचे आयुष्य नेमके तिथेच खर्ची पडते.

गिअरबॉक्स उतरवल्यावर जुने फ्लायव्हील आपल्या डोळ्यांसमोर तपासून घ्यावे, कारण ते न पाहता ‘बदलावेच लागेल’ असे सांगणारे जसे आहेत, तसेच ‘अजून चालेल’ असे सांगणारेही आहेत. इंजिनाकडची चकती जागेवर धरली आणि गिअरबॉक्सकडची हाताने फिरवली, तर थोडे फिरून स्प्रिंगेचा दाब हाताला जाणवला पाहिजे. हा मोकळा फेर किती अंशांपर्यंत चालतो आणि चकती किती मिलिमीटरपर्यंत डुलली तर चालते, याची मर्यादा प्रत्येक भाग क्रमांकागणिक वेगळी असल्याने ती उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावी. आमच्या फ्लायव्हीलची चकती जवळजवळ विनाविरोध फिरत होती, घर्षणाच्या पृष्ठभागावर तापून निळे पडलेले डाग होते आणि काठातून उडालेल्या काळ्या ग्रीसचा पट्टा गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणात आतून चिकटला होता. एवढे ग्रीस बाहेर आले की विषय संपतो.

दुसरा पर्याय सॉलिड फ्लायव्हीलचा. व्हॅलिओचा ‘4के किट’ हा त्यातला सर्वज्ञात संच. त्यात एकसंध फ्लायव्हील असते आणि धक्के शोषण्याचे काम क्लचप्लेटमधील लांब पल्ल्याच्या स्प्रिंगांकडे दिलेले असते. ड्युअल मासला मात्र बहुधा स्प्रिंग नसलेली प्लेट लागते, म्हणून एका प्रकारचे फ्लायव्हील आणि दुसऱ्या प्रकारची प्लेट अशी सरमिसळ करणे सर्वथा चुकीचे आहे. सॉलिड संच स्वस्त पडतो, पुढच्या वेळी फक्त क्लच बदलून भागते, आणि दिवसभर महामार्गावर धावणाऱ्या गाडीला तो पुरतो. मात्र असा संच बसवलेल्या एका ओळखीच्या गाडीत न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढताच गिअरबॉक्समधून स्पष्ट खडखड येत होती आणि पेडल दाबताच ती थांबत होती. दीडदोन हजार फेऱ्यांखाली डॅशबोर्डही थरथरत होता. सिग्नलवर बराच वेळ उभ्या राहणाऱ्या पुण्यातल्या गाडीसाठी हे मला मान्य नव्हते. जुने ड्युअल मास उघडून, स्प्रिंगा आणि ग्रीस बदलून ‘रिकंडिशन’ करून देणारेही भेटतात. त्यांचा विचार मी केला नाही, कारण असे फ्लायव्हील नीट समतोल झाले आहे की नाही हे ग्राहकाला कळण्याचा मार्गच नसतो.

खरेदी भाग क्रमांक पाहूनच करावी. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात केवळ गाडीचे नाव सांगून मागितल्यास 1.6 आणि 1.5 टीडीआय या डिझेल इंजिनांचे भाग एकमेकांत मिसळण्याची शक्यता असते, म्हणून चॅसिस क्रमांकावरून मूळ भाग शोधून त्याच्याशी जुळवावे. लुक हे शेफलर समूहाचे नाव आहे आणि वेष्टनावरील कोड त्यांच्या ‘ओरिजिनचेक’ ॲपवर तपासता येतो. पक्क्या बिलाइतकेच हेही आवश्यक आहे. मजुरी एकदाच द्यायची असल्याने क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावे. फ्लायव्हीलचे जुने बोल्ट पुन्हा वापरू देऊ नयेत, कारण ते एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात. नव्या संचातही ते असतातच, तरी जुने वापरले जातात, म्हणून आवर्जून सांगितले.

बसवल्यानंतर पेडल लक्षणीय हलके झाले, पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथर न करता सुटू लागली आणि इंजिन बंद करतानाचा आवाज गेला. तरीही एक अट राहते. इंजेक्टर असमान फवारत असतील, किंवा बॅटरी अथवा स्टार्टर थकून इंजिन रेंगाळत सुरू होत असेल, तर स्प्रिंगा त्यांच्या अनुनादाच्या कक्षेत, म्हणजे जिथे त्यांची थरथर वाढत जाते त्या फेऱ्यांवर, अधिक वेळ राहतात आणि नवे फ्लायव्हीलही लवकर खिळखिळे होते. म्हणून इंजेक्टरची दुरुस्ती आणि बॅटरीची तपासणी या खर्चातच धरावी. गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची असेल, तर हा संच घ्यावा. वर्षभरात विकायची असेल आणि फ्लायव्हील अजून मर्यादेत असेल, तर केवळ क्लच बदलून ती विकावी, पण खरेदीदाराला तसे स्पष्ट सांगावे.