सड्यावरच्या वाडीत भाड्याने: एक पावसाळा काढल्यानंतर

काल पुन्हा कौलं फुटली, म्हणून हे आजच लिहून टाकतोय.

कोकणात राजापूर तालुक्यातली वाडी, सड्यावर म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. जुनं चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतरत्या छपराचं घर. मालक मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. शांतता, हवा, आंबे याबद्दल तुम्ही वाचलेलंच असेल. ते सगळं आहे. मी कौलांबद्दल बोलणार आहे.

आधी, विकत का नाही घेतलं? मी शेतकरी नाही, आणि 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बिनशेती प्लॉटचे भाव ऐकले, चहा प्यायलो आणि उठलो. इथलं भाडं एवढं कमी की पुण्यात तेवढ्यात नुसतं पार्किंगही मिळणार नाही. मालकाचा हिशेबही सरळ आहे: बंद घराला वाळवी लागते, माणूस राहिला की घर टिकतं. करारात फक्त एक ओळ जास्तीची, किरकोळ डागडुजी भाडेकरूची.

आता किरकोळ म्हणजे काय ते वानरांना विचारा. टोळी फणसाच्या फांदीवरून उतरते ती थेट पाख्यावर. उडीने एखाददुसरं कौल जातं, ते दिसतं तरी. खरा ताप म्हणजे ही मंडळी कौलं उचलून खालचे किडे शोधतात. सरकलेलं कौल अंगणातून कळत नाही, माळ्यावर पाणी आलं की कळतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. आधी बादली लावायची, मग कौलांखालची लाकडी रीप कुजते, मग तिच्याखालचा वासा. आणि नवं कौल आणून बसवू म्हणाल तर खोबणी जुळत नाहीत. माझ्याकडची काही कौलं बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेच्या शिक्क्याची आहेत, तिचा मंगळूरचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला. कौल उत्तम, पण जोडीला तसंच हवं. म्हणजे कुठे जुनं घर पाडतायत याची खबर ठेवायची. मी ठेवतो. लोकांना वाटतं मला घरं पाडण्याची हौस आहे.

मे महिन्यात मी येईल त्याला सांगत होतो, कौलं काढा, सरळ पत्रे घाला. शेजारच्या काकांनी घातले. जुलैत त्यांच्या पडवीत बसलो तर समोरच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि उघडीप मिळाली की आत भट्टी. तो सल्ला मागे घेतो. सुतार म्हणतो कौलं तशीच ठेवून खाली पत्रा टाका, गळलेलं पाणी पत्र्यावरून बाहेर जाईल. पटतंय. खर्च कोणाचा यावर मालकाशी वाद चालू आहे. तो म्हणतो अर्धा-अर्धा, मी म्हणतो घर तुमचं.

बाकीचं थोडक्यात. लाईट जाते, इन्व्हर्टर हवाच. रेंजसाठी कातळावर जावं लागतं. जांभा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे घर बघायला ऑगस्टमध्ये नाही, मेमध्ये या आणि विहिरीत वाकून बघा. अर्जुना नदीला पूर आला की राजापूरच्या बाजारात पाणी शिरतं, म्हणून आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं सामान आधीच भरायचं. राजापूर रोड स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे, रिक्षाचे पैसे धरूनच ठेवा.

अनपेक्षित फायदा एकच, पण मोठा. शेजारच्या काकी टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या ओळखायला शिकवतात. पावसाळ्यात भाजीवरचा खर्च जवळपास शून्यावर आला. या एका गोष्टीने माझा अर्धा राग जातो.

पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड पूर्ण कौलांचा. करार मार्चमध्ये संपतोय. पत्र्याचे पैसे भाड्यातून वळते झाले तर वर्षभर आणखी राहणार, नाहीतर जवळपास फणस नसलेलं घर बघणार. तालुक्यात कुठे जुनं घर पाडत असतील तर बासेल मिशनची कौलं राखून ठेवायला सांगा. टेम्पो माझा.