ग्रंथालय पेठेत, वाचक धायरीत

आम्ही पुण्यात धायरीला राहतो आणि ज्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद आहोत ते मध्यवस्तीत, पेठेत आहे. सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक पाहता अकरा वर्षांच्या मुलीला दर आठवड्याला तेथे नेणे जमत नव्हते. त्यामुळे त्या ग्रंथालयाच्या बालविभागाने ऑनलाइन वाचनकट्टा सुरू केल्याचे समजताच तिचे नाव नोंदवले. त्याला आता सहा महिने झाले.

दर शनिवारी पाच वाजता पाऊण तासाची बैठक होते, महिन्याला एक पुस्तक वाचायचे असते आणि बालसभासदांना वेगळे शुल्क नाही. बैठक चालवणाऱ्या बाई ‘पुस्तक कसे वाटले?’ असे कधीच विचारत नाहीत, कारण त्याचे उत्तर ‘छान’ एवढेच येते. प्रत्येकाने पुस्तकातले एक वाक्य निवडायचे, पृष्ठ क्रमांक सांगून ते मोठ्याने वाचायचे आणि आपण तेथेच का थांबलो ते सांगायचे, अशी त्यांची रीत आहे. ज्यांना बोलायचा संकोच वाटतो ती मुले लिहून पाठवतात आणि बाई ते आधी वाचून दाखवतात. वर्गात हात वर न करणारी माझी मुलगी येथे तिसऱ्या आठवड्यापासून बोलू लागली. (मागून उत्तरे कुजबुजणाऱ्या पालकांना बाईंनी एकदा सौम्य शब्दांत समज दिली, त्यांत मीही होते.)

खरी अडचण पुस्तकांच्या प्रतींची आहे. मुले २० आणि ग्रंथालयात प्रती दोन. पहिल्या महिन्यात काही पालकांनी अप्पा बळवंत चौकातून पुस्तक विकत आणले, काही मुले न वाचताच बसली, आणि कोणीतरी संपूर्ण पुस्तकाची छायाप्रत व्हॉट्सॲप गटावर टाकली. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, हे ग्रंथालयाने तरी पालकांना तेव्हाच सांगायला हवे होते.

तिसऱ्या महिन्यात मात्र ‘श्यामची आई’ निवडण्यात आले. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि ते सर्वांना विनासायास मिळाले. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना भाषा जड गेली, तरी प्रकरणांना ‘रात्र’ का म्हटले आहे या एका मुलाच्या प्रश्नावर अर्धी बैठक रंगली. पुढच्या महिन्यात बालभारतीच्या, १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक घेतले. तेही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. या दोन्ही महिन्यांत उपस्थिती जवळजवळ पूर्ण होती. तेव्हा मुलांना वाचनाची आवड नसते, ही तक्रार निदान या कट्ट्यापुरती मला मान्य नाही.

बैठक ज्या ॲपवर होते त्याच्या मोफत खात्याला ४० मिनिटांची मर्यादा असल्याने बैठक ऐन चर्चेत तुटते आणि पुन्हा जोडेपर्यंत दोन-तीन मुले गळतात. वर्गणीत थोडी वाढ करूनही हे टाळावे.

या महिन्याचे पुस्तक नव्या लेखकाचे, छापील आहे. ग्रंथालयाने त्याच्या चार प्रती घेतल्या असून प्रत्येकाला सहा दिवस ठेवता येतात. आमचे नाव शेवटच्या पाचांत आहे; पुस्तक घरी येईल तोवर त्यावरच्या तीन बैठका झालेल्या असतील.