जिल्हा रुग्णालयातील मोफत वाचा-तपासणी : एका पालकाचा अभिप्राय

आमचा मुलगा अडीच वर्षांचा होऊनही 'पाणी दे' असे दोन शब्द जोडून बोलत नव्हता, तेव्हा अंगणवाडीतील तपासणीस आलेल्या आरोग्य पथकाने आम्हाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून सुरू असलेली ही सेवा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत आहे आणि ती पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते, याची खंत वाटते.

येथे सर्वप्रथम कानांची तपासणी होते, आणि ते योग्यच आहे. कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या मुलालाही सर्दीमुळे कानात पाणी साचल्यास हळू बोललेले नीट ऐकू येत नाही. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञ ताई त्याच्यासोबत सतरंजीवर बसल्या. चेंडूकडे न पाहता, हातही न हलवता त्यांनी 'चेंडू बाबांना दे' असे सांगितले आणि त्याने तो दिला. मग घट्ट झाकणाच्या बरणीत बिस्किट ठेवून त्या गप्प राहिल्या; त्याने त्यांचा हात धरून झाकणावर नेला, पण तोंडातून शब्द काढला नाही. समज वयानुसार आहे, अभिव्यक्ती मागे आहे, हे त्यांनी या खेळातूनच आम्हाला दाखवून दिले.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बोटाने वस्तू दाखवत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आला नसेल, तर 'बापही उशिराच बोलला' म्हणून थांबू नये, असे त्यांनी बजावले. येत असलेले शब्द बंद झाले, तर वय कोणतेही असो, तातडीने दाखवावे. तीन वर्षांच्या मुलाने 'काका'ला 'ताता' म्हणणे मात्र तेवढे चिंतेचे नाही. वेखंड उगाळून चाटवण्याचा सल्ला त्यांनी साफ नाकारला, आणि घरात मराठी सोडून केवळ इंग्रजी बोलण्याचाही, याचे मला विशेष समाधान वाटले.

उणीव एकच, पण मोठी आहे : दोन सत्रांमधील अंतर फार असते, आणि खोली फिजिओथेरपीसोबत सामायिक असल्याने गोंगाटात मुलाचे लक्ष विचलित होते. घरी करायचे खेळ त्या नीट लिहून देतात, म्हणून बरेच भागते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्यावे. झोपेत करायची श्रवण तपासणी ठरली असेल, तर त्या दिवशी मुलाला वाटेत झोपू देऊ नये.