आम्हाला 'टू-पे' पाठवलं

आमचं घर मूळचं हुंडेकऱ्यांचं. सांगलीच्या गणपती पेठेतून हळदीची, गुळाची पोती गाडीत भरायची, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडायची आणि माल पोचता करायचा, हा तीन पिढ्यांचा धंदा. माझ्यापाशी येऊन तो संपला. मी बँकेत लागलो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की बँकेतला माणूस असून तुम्ही कसे फसलात? फसलो. ५९,००० रुपयांना.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्या आजोबांच्या बैलगाड्या कऱ्हाडावरून पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायच्या. मिरजेला आगगाडी १८८०च्या दशकातच आली होती, पण चिपळुणाला रेल्वे दिसायला कोकण रेल्वेची वाट बघावी लागली. त्यामुळे लॉरी येईपर्यंत त्या बाजूचा माल बैलांच्याच खांद्यावर होता. जाताना गूळ, हळद, येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. चिपळूणच्या गोवळकोट बंदरातून वाशिष्ठीच्या खाडीनं माल दाभोळला आणि तिथून मुंबईला. अण्णांनी हे सगळं आजोबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की स्वतःच गाडी हाकल्यासारखं सांगतात. प्रत्यक्षात घाट बघितला तो एकदाच, तोही रात्रीच्या एसटीतून. तो घाट दिवसाउजेडी दाखवावा हे माझ्या मनात किती वर्षं होतं. फसवणाऱ्याला नेमकं असंच काहीतरी हाताशी लागतं.

गेल्या सप्टेंबरात मेहुण्यानं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मला ओढलं. इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी सहली काढणारा एक गृहस्थ होता, चाळिशीचा, गोड बोलणारा. ग्रुपचं नाव लिहीत नाही, एव्हाना ते बदललेलंही आहे. पहिली सहल एका दिवसाची, माणशी ७०० रुपये. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट, परतताना लिंबजवळ शेरीतली बारामोटेची विहीर. आणि खोटं कशाला बोलू, सहल फक्कड झाली. सोबत एक निवृत्त शिक्षक होते. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती विहीर कशी बांधून घेतली, आत महालासारखी दालनं कशी आहेत, मोटा कुठून कशा चालायच्या, हे गुरुजींनी विहिरीच्या पायरीवर बसून तासभर सांगितलं. मेणवलीतली वसईच्या पोर्तुगीज चर्चमधून आलेली घंटा बघताना मेहुण्याची बायको इतकी रंगली, की गृहस्थानं तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या फोटोचं पुढं सांगतो.

ती सहल म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं. पण गळाचं गांडूळ खरंच असतं, रबराचं नसतं, हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरात मोठ्या सहलीचं पत्रक आलं. 'सह्याद्रीतल्या जुन्या व्यापारी वाटा', तीन दिवस. पहिल्या दिवशी आगाशिवची लेणी, पाटण, कुंभार्ली घाटमाथा आणि हेळवाकला मुक्काम. दुसऱ्या दिवशी चिपळूण, कशेडी घाट, पोलादपूर, आंबेनळी चढून प्रतापगड. तिसऱ्या दिवशी पारचा शिवकालीन पूल, रामवरदायिनीचं देऊळ, अफजलखानाची फौज ज्या वाटेनं जावळीत उतरली ती रडतोंडी, आणि मग पसरणी घाटानं वाई. पत्रकावर गुरुजींचा फोटो. तरुणांसाठी जादा चौथा दिवस होता : 'वासोट्यावर चांदण्यातला मुक्काम'.

या शेवटच्या ओळीवर सातारकडच्या कुणीही पत्रक फाडून टाकलं असतं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, आणि ते अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बामणोलीला वन खात्याची रीतसर परवानगी काढायची, बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, गड बघायचा आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. गडावर मुक्काम नाही, चांदणं असो की अमावस्या. मला हे माहीत नव्हतं. माझी मुलगी आणि भाचा, दोघांनी उड्या मारल्या.

माणशी ९,५०० रुपये, लवकर नाव नोंदवलं तर ८,५००. आम्ही सहा जण, म्हणजे ५१,०००. निम्मे आगाऊ भरले, उरलेले निघायच्या आठ दिवस आधी. वासोट्याचे दोघांचे ४,४००. शेवटी निघायच्या दोन दिवस आधी निरोप, 'वन खात्याची विशेष परवानगी, माणशी ६००', म्हणजे आणखी ३,६००. चार वेळा पैसे पाठवले आणि यूपीआयवर तीन वेगवेगळी नावं आली. एकदा त्याचं स्वतःचं, एकदा कुठल्या बाईंचं, दोनदा एका मोबाईल दुकानाचं. मी विचारलं तर म्हणाला, "सर, माझी लिमिट संपलीय आजची, भावाच्या दुकानाचा क्यूआर आहे." ३३ वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. आणि इथं बोट दाबून मोकळा झालो.

अण्णांनी मात्र विचारलं होतं. "पावती दिली का त्यानं?"

"अण्णा, आता मोबाईलवरच असतंय सगळं."

"मोबाईलवर का असंना, पण बिल्टी आहे का? कोण पाठवणार, कुणाला मिळणार, नग किती, भाडं कुणी भरलंय?"

मी हसलो. आता हसू येत नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे विश्रामबागेतून टेम्पो ट्रॅव्हलर सुटली. वेळेवर, पिवळ्या पाटीची, सीट चांगल्या. एकूण १७ माणसं, सहा कुटुंबं. गुरुजी नव्हते. "तब्येत बरी नाही त्यांची, उद्या चिपळूणला येऊन मिळतील," असं सांगितलं. त्यांच्या जागी विशीतला एक पोरगा, गळ्यात शिट्टी, अंगात संस्थेच्या नावाचा टी-शर्ट. गृहस्थ स्वतः 'मागून कारनं' येणार होते. पेठ नाक्यापर्यंत भडंगाचे डबे फिरले, गाणी झाली.

आगाशिवाला पोरगा म्हणाला, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. मी चमकलो. ती बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची, हे मलाही माहीत होतं. पण सहलीच्या पहिल्याच सकाळी वाद कशाला, म्हणून गप्प बसलो. पाटणच्या पुढं त्यानं सांगितलं, की कुंभार्ली हा सातवाहनांनी बांधलेला गाडीरस्ता. गाडीरस्ता इंग्रजी अमदानीतला. त्याआधी तिथून लमाणांचे तांडे जायचे, पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे. अण्णा खिडकीकडं तोंड करून एवढंच पुटपुटले, "काय बी सांगालाय ह्यो."

चारच्या सुमाराला घाटमाथ्यावर थांबलो. रस्त्याच्या कडेला एक दगडी डोण होती, पालापाचोळ्यानं अर्धी भरलेली. पोरग्यानं शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "हे जकातीचं रांजण. व्यापारी यात नाणी टाकायचे आणि मगच घाट उतरायचे." लोकांनी फोटो काढले. अण्णा काठी टेकत पुढं गेले, वाकून डोणीत हात घातला, पाचोळा बाजूला सारला आणि बोटानं तळातली खोबण दाखवली. पाणी सोडून द्यायचं भोक.

"बाळ, नाणी काय भोकातनं सोडून द्यायची? ही बैलांना पाणी पाजायची डोण हाय. चढ चढून आलेला बैल लगेच पाणी पीत नाही, आधी फेस गाळतो. त्याला गार होऊ द्यायचा, मग डोणीवर न्यायचा. आमचा आजा सांगायचा. जकातीचं रांजण म्हणतोस ते जुन्नराकडं, नाणेघाटात."

पोरगा ओशाळला. मला तेव्हा अण्णांचा अभिमान वाटला, बाकी काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. जो पत्रक छापतो, माणशी साडेआठ हजार घेतो आणि पांडवांच्या गोष्टी सांगणारा पोरगा पाठवतो, त्यानं पैसे नक्की कशावर खर्च केले, हा साधा हिशेब त्या डोणीपाशीच करता आला असता. इतिहासातली थाप आपण मनोरंजन म्हणून सोडून देतो.

पाच मिनिटांत पोरगा म्हणाला, "तुम्ही सूर्यास्त बघा, मी मुक्कामावर जाऊन जेवणाचं सांगतो." मागून आलेल्या एका मोटारसायकलवर बसला आणि कोयनेच्या दिशेनं गेला. त्यानंतर तो आम्हाला दिसला नाही.

हेळवाकला पत्रकातल्या घरी पोचलो तर ओटीवर अंधार. घरमालकीण बाहेर आल्या, आमच्या १७ जणांकडं बघत राहिल्या. त्यांना महिन्यापूर्वी एक फोन आला होता, 'खोल्या आहेत का', एवढाच. पैसा आला नव्हता, तारीखही पक्की नव्हती. गृहस्थाचा फोन बंद. पोराचा बंद. मग ड्रायव्हर पुढं आला. बिचारा घाम पुसत होता. "साहेब, मला तीन हजार दिलेत डिझेलला. बाकीचे तेरा पार्टीकडनं घ्या म्हणून सांगितलंय. तुम्ही देणार असाल तर उद्या पुढं जाऊ."

सगळे ओरडायला लागले. तेवढ्यात ओटीच्या पायरीवर बसलेले अण्णा म्हणाले, "म्हणजे आपल्याला टू-पे पाठवलंय."

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रान्स्पोर्टच्या बिल्टीवर एक तर 'पेड' लिहितात, म्हणजे भाडं पाठवणाऱ्यानं भरलंय. नाहीतर 'टू-पे', म्हणजे माल सोडवून घेणाऱ्यानं भरायचं. आम्ही पोती होतो आणि सोडवून घेणारेही आम्हीच. त्या अवस्थेतही मला हसू फुटलं. मेहुण्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

त्या बाईंनी तासाभरात १७ जणांचं पिठलं, भाकरी, भात केला. खोल्या उघडून दिल्या. माणशी अडीचशे घेतले, अण्णांचे घेतले नाहीत. सकाळी ड्रायव्हरशी तडजोड करून आम्ही माघारी फिरलो. चिपळूण नाही, पारचा पूल नाही, रडतोंडी नाही. खरं तर रडतोंडी झालीच, फक्त वाट वेगळी.

पुढचं थोडक्यात. सांगलीत आल्यावर दोन दिवस आम्ही त्याच्या 'अर्जंट हॉस्पिटलमध्ये आहे, रिफंड देतो' या एकाच मेसेजवर विसंबलो. हे दोन दिवस महागात पडले. १९३० या सायबर हेल्पलाईनला तेव्हाच्या तेव्हा फोन केला असता तर खात्यात पैसे सापडण्याची शक्यता होती. आम्ही चौथ्या दिवशी केला, तेव्हा मोबाईल दुकानाच्या खात्यातले थोडेफारच होल्ड झाले, तेही सहा कुटुंबांत वाटायचे. पोलीस ठाण्यात आधी ऐकवलं, की सहल तर निघाली होती, मग हा दिवाणी मामला. पण सहा जणांचे अर्ज, वेगवेगळ्या नावांचे यूपीआयचे पुरावे आणि घरमालकीण बाईंचं लेखी म्हणणं एकत्र नेल्यावर अर्ज घेतला. आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लावून घ्यायला वकील मागे लागलेत. जुन्या चारशेवीसच्या जागी तेच आलंय. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार वेगळी टाकली आहे.

गुरुजींना शोधून काढलं. तब्येत ठणठणीत. पहिल्या सहलीचं मानधनही त्यांना मिळालेलं नव्हतं, आणि आपला फोटो पत्रकावर आहे हे त्यांना आमच्याकडून कळलं. एक फोन मी ऑक्टोबरात केला असता तर. दुसरा फोन हेळवाकच्या घरी केला असता तर. दोन्ही नंबर शोधायला मला नंतर अर्धा तास लागला.

आणि आता हे लिहायचं कारण. परवा जयसिंगपूरच्या साडूनं एक पत्रक पुढं पाठवलं. ग्रुपचं नाव नवीन, फोन नंबर नवीन. सहल तीन दिवसांची, 'घाटवाटा आणि व्यापारी मार्ग', मजकूर शब्दाला शब्द तोच. वासोट्यावरचं चांदणंही आहे. गुरुजींचा फोटो काढलाय. त्याच्या जागी मेणवलीच्या घंटेखाली उभी आमच्या मेहुण्याची बायको, आणि खाली लिहिलंय, 'आमच्या समाधानी सहप्रवासी'. वहिनींचं म्हणणं, पैशाचं काय व्हायचं ते होऊ दे, आधी तो फोटो काढायला लावा.