दात काढावा की रूट कॅनाल?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं) असेल तर आधी हे ठरवा: दुखतोय तो दात की नस? नसेची कळ विजेच्या झटक्यासारखी येते आणि काही सेकंदांत, फार तर २ मिनिटांत ओसरते. तिला ब्रशचा स्पर्श, वाऱ्याची झुळूकही पुरते. किडलेला दात ठणकत राहतो, रात्री झोपू देत नाही. भूल दिल्यावर कळ थांबली म्हणून दातच दोषी ठरत नाही. भुलीने नसही गप्प होते. असे कितीतरी चांगले दात उगाच गेलेत.

एक्स-रेत खराबी दिसलीच, तर रूट कॅनालने दात वाचतो, पण तोंड बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. काढणं बहुधा लवकर उरकतं, मात्र गेलेला दात परत येत नाही. वाचण्याजोगा असेल तर मी रूट कॅनालच निवडेन, नसेच्या कळेवरची कार्बामाझेपिनची चालू गोळी न चुकवता.