एक्सचेंज सर्व्हरसाठी डोमेनची रचना: एक फॉरेस्ट, एक डोमेन आणि आधी ठरवलेलं नाव

एक्सचेंज सर्व्हर मेलचं सॉफ्टवेअर म्हणून घेतला जातो, पण त्याची निम्मी माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी, म्हणजे विंडोज नेटवर्कमधल्या खात्यांची आणि गटांची मध्यवर्ती नोंदवही) राहते. वापरकर्त्याचे ईमेल पत्ते, त्याचा मेलबॉक्स कुठल्या डेटाबेसमध्ये आहे, मेल गटांचे सदस्य, कनेक्टर (मेल आत-बाहेर नेणारे मार्ग), स्वीकारायची मेल डोमेन्स (पत्त्यातला '@' नंतरचा भाग) हे सगळं तिथेच. म्हणून या सर्व्हरचं परीक्षण डिरेक्टरीच्या रचनेपासूनच सुरू करावं लागतं. मेल सर्व्हर म्हणून तो भक्कम आहे. डिरेक्टरीतली चूक मात्र तो सहज सुधारू देत नाही. नव्या कंपनीला आमचा सल्ला ठाम आहे: एक फॉरेस्ट (डिरेक्टरीचा सगळ्यांत वरचा घेरा), त्यात एकच डोमेन (खात्यांचा एक समूह, मेल डोमेनपेक्षा वेगळा), आणि विभागांसाठी ओयू (डोमेनच्या आतले कप्पे).

पहिला निर्णय नावाचा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं नाव ईमेल पत्त्यासारखंच हवं, असा समज फार पसरलेला आहे. तशी गरज नाही. कुठल्या डोमेनची मेल घ्यायची ते 'ॲक्सेप्टेड डोमेन' ठरवतं आणि लोकांना कुठले पत्ते मिळतील ते 'ईमेल ॲड्रेस पॉलिसी' ठरवते. डिरेक्टरीचं नाव यापासून पूर्ण वेगळं राहू शकतं. कंपनीने नोंदवलेल्या डोमेनचं उपडोमेन, म्हणजे 'एडी.कंपनी.कॉम' अशा धर्तीचं नाव, हा सर्वांत सुरक्षित पर्याय. लॉगिनचं नाव ईमेलसारखं दिसावं म्हणून 'डोमेन्स अँड ट्रस्ट्स' या एडीच्या साधनात 'कंपनी.कॉम' हा जादा यूपीएन सफिक्स (लॉगिन-नावाचा '@' नंतरचा भाग) जोडायचा आणि वापरकर्त्यांना तो लावायचा. आउटलुकमध्ये काय टाइप करायचं हा गोंधळ तिथेच मिटतो.

डिरेक्टरीच्या नावाच्या शेवटी 'डॉट लोकल' टाळा. २०१३ पासून हे नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय जवळच्या यंत्रांची नावं शोधण्याची पद्धत) राखीव आहे. शिवाय सर्व्हरची ओळख प्रमाणित करणाऱ्या सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थांना अंतर्गत नावांसाठी १ नोव्हेंबर २०१५ च्या पुढची मुदत असलेली प्रमाणपत्रं द्यायला मनाई झाली. नवीन बसवलेला एक्सचेंज आपल्या सेवांचे अंतर्गत पत्ते सर्व्हरच्या पूर्ण नावावरून भरतो. ते नाव प्रमाणपत्रात नसलं की आउटलुक सारखा इशारा दाखवत राहतो. आधीच 'डॉट लोकल'वर असाल तर डोमेन बदलायची गरज नाही. व्हर्च्युअल डिरेक्टरींचे (एक्सचेंजच्या वेब सेवांचे) अंतर्गत पत्ते आणि ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला सेटिंग्ज आपोआप देणाऱ्या सेवेचा) अंतर्गत पत्ता सार्वजनिक नावावर आणा. आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) फक्त 'मेल.कंपनी.कॉम' आणि 'ऑटोडिस्कव्हर.कंपनी.कॉम' एवढेच झोन (नोंदींचे संच) तयार करा. संपूर्ण 'कंपनी.कॉम'चा झोन आत केला, तर बाहेरची प्रत्येक नोंद हाताने सांभाळावी लागते. एखादी राहिली की ऑफिसमधून कंपनीची वेबसाइट उघडत नाही.

नावाबद्दल इतका आग्रह का? कारण एक्सचेंज २००७ पासून पुढे, सर्व्हर बसल्यानंतर डोमेनचं नाव बदलणं समर्थित नाही. सेटअपच्या वेळी दिलेलं एक्सचेंज ऑर्गनायझेशनचं (कंपनीच्या सगळ्या एक्सचेंज सर्व्हरांची मिळून एक मांडणी) नावही नंतर बदलत नाही. तिथे शहराचं किंवा प्रकल्पाचं नाव टाकू नका.

आता फॉरेस्ट. एका फॉरेस्टमध्ये एकच एक्सचेंज ऑर्गनायझेशन मावतं आणि ते दोन फॉरेस्टमध्ये पसरत नाही. विंडोज २००० च्या काळात रिकामं मूळ डोमेन आणि त्याखाली प्रत्येक शाखेचं उपडोमेन अशी रचना लोकप्रिय होती, कारण डोमेन ही सुरक्षेची हद्द मानली जायची. खरी हद्द फॉरेस्ट आहे. वेगळ्या पासवर्ड नियमांसाठीही स्वतंत्र डोमेन लागत नाही, विंडोज सर्व्हर २००८ पासून एकाच डोमेनमध्ये गटानुसार नियम लावता येतात.

अनेक डोमेन्स केलीच, तर मेलवर होणारा त्रास नेमका ग्लोबल कॅटलॉगमधून (फॉरेस्टमधल्या सगळ्या डोमेन्सची थोडक्यात यादी) येतो. पत्ते शोधायला आणि गट उलगडायला एक्सचेंज ग्लोबल कॅटलॉग वापरतो. पण 'ग्लोबल' प्रकारच्या गटाची सदस्ययादी दुसऱ्या डोमेनच्या कॅटलॉगमध्ये जातच नाही, फक्त 'युनिव्हर्सल' गटाची जाते. परिणामी गटाला पाठवलेली मेल काही जणांना मिळत नाही आणि पाठवणाऱ्याला कळतही नाही. हा दोष शोधायला सगळ्यांत चिवट, कारण लॉगमध्ये चूक म्हणून काहीच दिसत नाही. तेव्हा मेलचे सगळे गट युनिव्हर्सलच ठेवा आणि सर्व डोमेन कंट्रोलर (डोमेनची माहिती ठेवणारे सर्व्हर) ग्लोबल कॅटलॉग करा. पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करून एक्सचेंज सांभाळण्याचं साधन) दुसऱ्या डोमेनचे वापरकर्ते दिसत नसतील, तर 'व्ह्यू एन्टायर फॉरेस्ट' चालू करावं लागतं.

एक्सचेंज असलेल्या प्रत्येक एडी साइटमध्ये (एका जागेचं नेटवर्क) लिहिता येण्याजोगा ग्लोबल कॅटलॉग हवाच. शाखेत ठेवलेला 'रीड ओन्ली' डोमेन कंट्रोलर एक्सचेंज वापरत नाही. आणि एक्सचेंज डोमेन कंट्रोलरवरच बसवण्याची काटकसर करू नका. तो मग फक्त त्याच कंट्रोलरला धरून राहतो, तो अडला की मेलही अडते.

एक्सचेंजसाठी वेगळं रिसोर्स फॉरेस्ट (वापरकर्त्यांची खाती दुसरीकडे आणि मेलबॉक्स इथे) ठेवण्याची रचना दोन कंपन्या एकत्र आल्या किंवा प्रशासन काटेकोर वेगळं ठेवायचं असेल तरच पाहा. त्यात रिसोर्स फॉरेस्टने वापरकर्त्यांच्या फॉरेस्टवर विश्वास ठेवणारा ट्रस्ट लागतो, प्रत्येक मेलबॉक्स 'लिंक्ड' (वापरकर्त्याच्या खऱ्या खात्याशी जोडलेला) असतो आणि रिसोर्स फॉरेस्टमधलं त्याचं खातं बंद ठेवलेलं असतं. म्हणजे प्रत्येक माणसाच्या दोन नोंदी सांभाळायच्या, आणि नोकरी सोडणाऱ्याच्या दोन्ही मिटवायच्या.

बसवताना 'प्रिपेअर स्कीमा' (स्कीमा म्हणजे डिरेक्टरीत कुठल्या नोंदी असू शकतात त्याचा आराखडा) आणि 'प्रिपेअर एडी' हे टप्पे स्कीमा मास्टर (तो आराखडा बदलू देणारा डोमेन कंट्रोलर) असलेल्या डोमेनमध्ये आणि साइटमध्ये चालवा. पहिल्यासाठी खातं 'स्कीमा ॲडमिन्स' आणि 'एंटरप्राइज ॲडमिन्स' या दोन्हींत हवं. उपडोमेन्स असतील तर पुढे 'प्रिपेअर ऑल डोमेन्स', एकच डोमेन असेल तर त्याची गरज नाही. दोन टप्प्यांमध्ये 'रेपॲडमिन' या आज्ञेने रेप्लिकेशन (बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोहोचणं) पूर्ण झाल्याची खात्री करा. स्कीमात घातलेल्या गोष्टी काढता येत नाहीत, म्हणून आधी डोमेन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट बॅकअप घ्या. एक्सचेंज २०१९ ला फॉरेस्टची पातळी किमान विंडोज सर्व्हर २०१२ आर२ लागते. पण एक्सचेंज २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नवीन उभारणी एक्सचेंजच्या सबस्क्रिप्शन एडिशनवरच करावी.

एवढी बांधीलकी नको असेल, तर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हे मुक्त मेल सर्व्हर हीच डिरेक्टरी फक्त एलडॅपने (डिरेक्टरी वाचायचा नेहमीचा प्रोटोकॉल) वाचतात, स्कीमाला हात लावत नाहीत. अनेक डोमेन्स असतील तर त्यांना ३८९ ऐवजी ग्लोबल कॅटलॉगचा ३२६८ किंवा टीएलएससाठी ३२६९ पोर्ट द्या, नाहीतर शोध एकाच डोमेनपाशी अडतो.